दाब कमी केला की मायसेल का जमतात?

पोलादाच्या जाड ठोकळ्यात काही घन सेंटिमीटरची पोकळी कोरलेली असते. एका बाजूला कृत्रिम नीलमण्याची जाड खिडकी, दुसऱ्या बाजूने आत-बाहेर सरकणारा पिस्टन. या पोकळीत चिमूटभर पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, टाकायचे, वरून प्रोपेन भरायचा, तापमान चढवायचे आणि पिस्टन रेटत दाब शेकडो बारपर्यंत न्यायचा. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 1 बार असतो आणि रिक्षाच्या सीएनजी टाकीत गॅस 200 बारपर्यंत भरतात, एवढ्यावरून अंदाज यावा. आतले मिश्रण ढवळत राहिले की पॉलिमर विरघळते आणि खिडकीतून पाण्यासारखे नितळ द्रावण दिसते.

आता पिस्टन सावकाश मागे घ्यायचा. दाब उतरू लागतो. डोळ्यांना बराच वेळ काहीच फरक दिसत नाही. पण आतून लेझरचा किरण जात असतो आणि त्याच्या काटकोनात प्रकाश मोजणारा एक शोधक बसवलेला असतो. एका ठरावीक दाबापाशी त्या शोधकावरचा आकडा चढू लागतो. द्रावण अजूनही नितळच असते, पण त्यात आता काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर आकाराचे गोळे तयार झालेले असतात. हेच मायसेल. दाब आणखी उतरवला की एका क्षणी सगळे दुधासारखे गढूळ होते आणि पॉलिमर खाली बसू लागते. पिस्टन पुन्हा आत रेटला की गढूळपणा जातो, मग मायसेल विरघळतात आणि साखळ्या पहिल्यासारख्या सुट्या होतात. ना काही मिसळावे लागते, ना काही काढून घ्यावे लागते.

यातली दिशा पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. दाब वाढवला की रेणू एकमेकांवर ढकलले जाऊन गोळे होतील, असे मनात येते. होते ते बरोबर उलट. जास्त दाबाला साखळ्या सुट्या राहतात आणि दाब उतरला की गोळा होतात. हे का घडते हे कळले की या विषयाची किल्ली हाती आली.

सुरुवात द्रावकापासून करू. पाणी जवळजवळ दबतच नाही. त्याच्यावर 1000 बार दाब टाकला तरी आकारमान चारेक टक्क्यांनीच घटते. त्यामुळे पाण्यात साबणाचे मायसेल बनवायचे किंवा मोडायचे असतील तर आपण साबणाचे प्रमाण बदलतो, तापमान बदलतो, मीठ घालतो. दाबाला हात घालायचा विचार सहसा कोणी करत नाही, कारण रोजच्या पट्ट्यातल्या दाबाने पाण्याच्या स्वभावात फारसा फरक पडत नाही.

कार्बन डायऑक्साइडचे तसे नाही. त्याचा क्रांतिक बिंदू 31 अंश सेल्सिअस आणि सुमारे 74 बार. 31 अंश म्हणजे मुंबईतली साधी दुपार. या बिंदूच्या पलीकडे द्रव आणि वायू अशी सीमारेषाच उरत नाही. एकच द्रायू, म्हणजे वाहू शकणारा पदार्थ, असतो, आणि त्याची घनता वायूपासून द्रवापर्यंत कुठेही नेऊन ठेवता येते. बेलफास्टमध्ये थॉमस अँड्र्यूज यांनी 1869 मध्ये याच कार्बन डायऑक्साइडवर प्रयोग करून ही गोष्ट जगासमोर मांडली. आकडे पाहिले की मुद्दा स्पष्ट होतो. 40 अंशांना 80 बार दाब असताना त्याची घनता प्रति घन सेंटिमीटर सुमारे 0.28 ग्रॅम असते. दाब 100 बार केला की ती 0.63 होते. म्हणजे दाब सव्वापट, पण घनता सव्वादोनपट! त्यानंतर मात्र तो ताठर होत जातो: 200 बारला 0.84 आणि 300 बारला 0.91.

घनतेला एवढे महत्त्व अशासाठी, की विरघळवण्याची ताकद घनतेतून येते. विरघळलेल्या रेणूभोवती द्रावकाचे किती रेणू दाटीने बसले आहेत आणि ते त्याला किती धरून ठेवतात, यावर सगळे अवलंबून असते. घनता वाढली की धरणारे हात वाढले. 1879 मध्ये ग्लासगोच्या हॅने आणि होगार्थ यांनी हे क्षारांवर पाहिले होते. क्रांतिक तापमानाच्या वरच्या अल्कोहोलमध्ये क्षार विरघळून राहत होता आणि दाब सोडताच घन होऊन बाहेर पडत होता. कॉफीतले कॅफीन काढण्यासाठी दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरतात, त्यामागेही हाच गुण आहे. म्हणून या क्षेत्रातला माणूस दाबाचा आकडा वाचत असला तरी मनात घनतेचाच हिशेब करत असतो.

आता पॉलिमरकडे वळू. साखर पाण्यात विरघळते तेव्हा तिच्या प्रत्येक रेणूला हिंडायला मोकळीक मिळते. या मोकळिकीला शास्त्रात एंट्रॉपी म्हणतात, आणि लहान रेणूंच्या विरघळण्यात तिचा मोठा वाटा असतो. पॉलिमरच्या साखळीत शेकडो-हजारो दुवे एकमेकांना बांधलेले असतात. एक दुवा मनाला येईल तिकडे निघून जाऊ शकत नाही, त्यामुळे विरघळून मिळणारी मोकळीक फारच थोडी असते. म्हणूनच पॉलिमर द्रावकाच्या बाबतीत इतके चोखंदळ असतात.

दबणाऱ्या द्रावकात आणखी एक गोष्ट घडते, आणि मला तीच या विषयातली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते. साखळीला लागून असलेले द्रावकाचे रेणू तिला बिलगून दाट बसतात, तर थोडे दूर, मोकळ्या द्रावकात, विरळपणा असतो. दाब जास्त असताना दोन्हीकडे दाटीच असते, त्यामुळे साखळीजवळ राहण्यात द्रावकाच्या रेणूंचे विशेष काही जात नाही. दाब उतरला की बाहेर जागा होते. साखळीला चिकटून राहणे म्हणजे मग ती मोकळीक गमावणे. रेणू साखळी सोडून बाहेर पडू लागतात आणि आधार गेलेली साखळी स्वतःत किंवा शेजारणीत गुरफटते. म्हणजे साखळ्यांना कोणी एकत्र ढकलत नाही. द्रावक त्यांना सोडून जातो म्हणून त्या एकत्र येतात. उघडून बसलेल्या साखळ्या आणि त्यांना बिलगलेला द्रावक मिळून एकूण जागा कमी लागते, म्हणून दाब वाढवला की निसर्ग त्याच बाजूला झुकतो. दिशा उलटी वाटत होती ती याच कारणाने.

एकाच जातीच्या दुव्यांची साखळी असेल तर दाब उतरताच ती सरळ बाहेर पडते. मायसेलसाठी दोन स्वभावांची साखळी लागते. एकाच दोऱ्यात गुंफलेली पोत डोळ्यांसमोर आणा, अर्धी नुसत्या काळ्या मण्यांची आणि उरलेली अर्धी नुसत्या सोन्याच्या मण्यांची. काळे आणि सोनेरी मणी आलटून पालटून नाहीत, तर दोन सलग पट्टे. ब्लॉक कोपॉलिमरची रचना अशी असते. 1956 मध्ये रसायनशास्त्रज्ञ मायकेल श्वार्त्स यांनी साखळीचे टोक जिवंत ठेवणारी पद्धत दाखवली. एक मोनोमर, म्हणजे साखळीत जोडायचा सुटा दुवा, संपला की त्याच टोकावर दुसरा जोडत जायचे. त्यामुळे ठरवून दिलेल्या लांबीचे पट्टे बनवणे शक्य झाले. स्टायरीन आणि ब्युटाडाइन यांची अशी कोपॉलिमरे आज चपलांच्या सोलमध्ये आणि रस्त्याच्या डांबरात असतात.

समजा, दोन पट्ट्यांपैकी एक द्रावकाला मानवणारा आहे आणि दुसरा जेमतेम चालणारा. घनता भरपूर असेल तर दोघेही विरघळलेले राहतात. घनता उतरली की आधी दुसऱ्याचा आधार जातो. त्याला बाहेर पडायचे असते, पण तो पहिल्याशी रासायनिक बंधाने बांधलेला आहे. मग वेगवेगळ्या साखळ्यांचे नकोसे पट्टे एकत्र येऊन गाभा करतात आणि मानवणारे पट्टे बाहेर द्रावकात पसरून त्या गाभ्याभोवती आवरण धरतात.

गाभा वाढत वाढत मोठा लगदा का होत नाही, हा प्रश्न इथे पडायलाच हवा. गाभ्याला स्वतःपुरते मोठे होणे परवडते, कारण जितका मोठा गोळा तितका द्रावकाला उघडा पडणारा पृष्ठभाग तुलनेने कमी. पण प्रत्येक नव्या साखळीबरोबर बाहेरच्या आवरणात आणखी एक पट्टा येतो आणि तिथे गर्दी होते. हे पट्टे एकमेकांना रेटतात. शिवाय मोठ्या गोळ्याचा मध्य भरायचा तर गाभ्यातल्या साखळ्यांना ताणून तिथपर्यंत पोचावे लागते, आणि ताणलेल्या साखळीला आखडायचे असते. या ओढाताणीत एका आकारावर तडजोड होते. म्हणून एकाच कोपॉलिमरचे सगळे मायसेल साधारण सारख्याच आकाराचे निघतात. पट्ट्यांची लांबी बदलली की तो आकार बदलतो, म्हणजे आकार बऱ्याच अंशी रसायनशास्त्रज्ञाच्या हातात असतो.

घनता आणखी उतरवली तर बाहेरच्या पट्ट्यांचाही आधार जातो. आवरण आकसते, एका मायसेलचे आवरण दुसऱ्याच्या आवरणाला चिकटू लागते आणि द्रावण गढूळ होते. तेव्हा दोन उंबरठे झाले. पहिला मायसेल जमण्याचा, दुसरा गढूळ होण्याचा. मायसेलचे सगळे आयुष्य या दोन उंबरठ्यांमध्ये असते.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिलमधल्या जोसेफ डिसिमोन यांच्या गटाने 1990 च्या दशकात कार्बन डायऑक्साइडमध्ये ही गोष्ट पद्धतशीर उलगडली. हा वायू पॉलिमरांच्या बाबतीत फार कंजूष द्रावक आहे, कारण त्याच्या रेणूंची ओढ दुबळी असते. त्याला मानवणारी मोजकीच पॉलिमरे आहेत, मुख्यतः फ्लोरिनने भरलेली आणि सिलिकॉन जातीची. म्हणून त्यांनी फ्लोरिनयुक्त ॲक्रिलेटचा पट्टा बाहेरच्या आवरणासाठी घेतला आणि गाभ्यासाठी पॉलिस्टायरीन किंवा पॉलिव्हिनाइल ॲसिटेट. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट म्हणजे सुतारांच्या पांढऱ्या डिंकातला मुख्य घटक. 1998 मध्ये प्रकाशाच्या विखुरण्यावरून केलेल्या मोजणीत त्यांना तीन अवस्था स्पष्ट दिसल्या. जास्त घनतेला सुट्या साखळ्या, मधल्या घनतेला गोल मायसेल आणि कमी घनतेला वेडेवाकडे पुंजके. साबणाच्या पाण्यात मायसेल जमायला साबणाचे एक किमान प्रमाण लागते. इथे प्रमाण तेच ठेवून एक घनता सांगता येते, जिच्या खाली मायसेल जमतात. तिला क्रांतिक मायसेल घनता म्हणतात.

तेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत हेच नमुने न्यूट्रॉनच्या झोतात धरले गेले. न्यूट्रॉन जाड नीलमण्यातून आरपार जातात, ही उच्च दाबाच्या कामात मोठी सोय आहे. त्यांच्या विखुरण्याच्या नक्षीवरून गाभा केवढा आणि आवरण किती जाड हे वेगवेगळे काढता येते.

प्रोपेनमधले काम वेगळ्या वाटेने गेले. प्रोपेन म्हणजे घरच्या सिलिंडरमधल्या एलपीजीचा एक घटक. त्याचे क्रांतिक तापमान सुमारे 97 अंश आणि क्रांतिक दाब 42 बारच्या आसपास. वायोमिंग विद्यापीठात मॅचेय रॅडोझ यांच्या गटाने पॉलिस्टायरीनला पॉलिब्युटाडाइन किंवा पॉलिआयसोप्रीन जोडलेली कोपॉलिमरे त्यात अभ्यासली. प्रोपेनला पॉलिब्युटाडाइन किंवा पॉलिआयसोप्रीनचा रबरी पट्टा मानवतो, पॉलिस्टायरीन मानवत नाही. पॉलिस्टायरीन आपला आपण गाभ्यात लपतो आणि बाहेर फक्त रबरी पट्टा दिसतो, त्यामुळे गढूळ होण्याचा दाब अपेक्षेपेक्षा बराच खाली जातो. द्रावकाला जो भाग पटत नाही तो त्याच्या समोरच येत नाही, असा हा बंदोबस्त. उच्च दाबाच्या यंत्रात दर बारला पैसे मोजावे लागतात, त्यामुळे ही घट कामाची आहे.

इथे तापमानाची गंमत आहे. तापमान वाढवले आणि दाब तोच ठेवला तर द्रावक फुगतो, घनता घटते, म्हणजे साखळ्या बाहेर पडायला हव्यात. पण त्याच वेळी दोन नावडत्या जातींमधला दुरावाही उष्णतेने कमी होतो, म्हणजे विरघळणे सोपे व्हायला हवे. कोण जिंकेल हे पॉलिमर आणि द्रावकाच्या जोडीवर ठरते. प्रोपेनमधल्या या कोपॉलिमरांत तापमान चढवत नेले की दोन उंबरठे जवळ येत जातात आणि शेवटी एका बिंदूला मिळतात. त्याच्या पलीकडे मायसेलचा पट्टाच नाही. दाब उतरवला की सुट्या साखळ्यांचे नितळ द्रावण थेट गढूळ होते.

मायसेल डोळ्यांना का दिसत नाहीत आणि शोधकाला का दिसतात, हेही सांगायला हवे. ते दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान असतात, त्यामुळे द्रावण नितळ वाटते. पण लहान कणांकडून बाजूला पसरणारा प्रकाश कणाच्या वस्तुमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शंभर सुट्या साखळ्यांनी मिळून जेवढा प्रकाश पसरवला असता, त्याच शंभर एका गोळ्यात आल्यावर साधारण शंभरपट पसरवतात. पॉलिमर तेवढेच, प्रकाश शंभरपट. म्हणून पहिला उंबरठा बाजूच्या प्रकाशावरून ओळखतात आणि दुसरा आरपार जाणाऱ्या प्रकाशाच्या घटीवरून. एक सावधगिरी मात्र लागते. क्रांतिक बिंदूच्या अगदी जवळ शुद्ध द्रावकातही घनतेचे हेलकावे होतात आणि तोही प्रकाश पसरवू लागतो. तो मायसेलचा समजला तर सगळा निष्कर्ष चुकतो.

उपयोगाच्या दृष्टीने पाहिले तर आकर्षण एका गोष्टीचे आहे: दाब सोडला की द्रावक वायू होऊन निघून जातो, वाळवण्याचे काम उरत नाही. 1994 मध्ये डिसिमोन यांच्या गटाने फ्लोरिनयुक्त पॉलिमरच्या आधाराने कार्बन डायऑक्साइडमध्येच मिथाइल मेथाक्रिलेटपासून ॲक्रिलिकचे बारीक गोळे बनवून दाखवले. पुढे स्टायरीनसाठी ब्लॉक कोपॉलिमर वापरले. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगमध्ये पर्क्लोरोइथिलीन या विषारी द्रावकाऐवजी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड वापरण्याचा व्यवसायही याच संशोधनातून उभा राहिला. औषधांच्या जगात ब्लॉक कोपॉलिमरचे मायसेल आधीच पोचले आहेत. पॅक्लिटॅक्सेल हे पाण्यात न विरघळणारे कर्करोगाचे औषध गाभ्यात बसवलेले इंजेक्शन दक्षिण कोरियात 2007 मध्ये मंजूर झाले. ते मायसेल पाण्यातले असले तरी औषध नकोशा द्रावकाचा अंश न ठेवता गाभ्यात कसे भरायचे हा प्रश्न तिथेही आहेच, आणि दबणाऱ्या द्रावकांकडे लक्ष जाते ते त्यामुळे.

फ्लोरिनयुक्त पट्ट्यांबद्दल मात्र मला गंभीर आक्षेप आहे. कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका चिवट असतो की असे पदार्थ माती-पाण्यात वर्षानुवर्षे टिकून राहतात, आणि त्यांतल्या काहींचे आरोग्यावर होणारे दुष्परिणाम आता चांगलेच नोंदले गेले आहेत. विषारी द्रावक टाळण्यासाठी कार्बन डायऑक्साइड आणायचा आणि त्याला चालावे म्हणून न कुजणारा पदार्थ वापरायचा, हा सौदा मला पटत नाही. म्हणून पिट्सबर्ग विद्यापीठातल्या एरिक बेकमन यांच्या गटाने 2000 मध्ये दाखवलेली वाट मला मोलाची वाटते. इथर आणि कार्बोनेट यांचे दुवे असलेली, फ्लोरिन नसलेली पॉलिमरे त्यांनी बनवली, आणि ती कार्बन डायऑक्साइडमध्ये बऱ्याच कमी दाबाला विरघळली. प्रोपेनमध्येही साधी हायड्रोकार्बनची कोपॉलिमरे चालतात, फक्त तिथे आगीचा धोका सांभाळावा लागतो.

मायसेल बनले, आता ते कोरडे बाहेर कसे काढायचे? दाब शून्यावर आणताना वाटेत तो दुसरा उंबरठा लागतो, आणि तिथे सगळे चिकटून लगदा व्हायची भीती असते. गाभा तोवर गोठून घट्ट झालेला असेल तर मायसेल वाचू शकतात. पॉलिस्टायरीन साधारण 100 अंशांच्या खाली काचेसारखे कडक होते, म्हणजे प्रोपेनमध्ये आधी थंड करून मग दाब सोडायचा असा मार्ग सुचतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये अडचण वाढते. हा वायू पॉलिस्टायरीनमध्ये शिरून त्याला मऊ करतो आणि कडक होण्याचे तापमान बरेच खाली ओढतो. तो बाहेर पडेपर्यंत गाभा मऊच राहतो. त्यामुळे आधी तापमान उतरवायचे की दाब, आणि व्हॉल्व किती वेगाने उघडायचा, हे प्रत्येक कोपॉलिमरसाठी त्याच नीलमण्याच्या खिडकीसमोर बसून नव्याने ठरवावे लागते.